दोन काडतुसं

कप्तानांनी खुर्ची बैठकीच्या खोलीत मधोमध ओढली, तिच्यावर ताठ बसले आणि नातीची, खारूची, चित्रकलेची वही मांडीवर उघडली.

"आता मी पोलीस निरीक्षकबाई. बेल वाजली, मी आत आले, पाणी प्याले. चला, सुरू."

"बाईंना मिशा नसतात," खारू म्हणाली.

"या बाईंना आहेत. प्रश्न पहिला. तुमची आई घरी चिडते का?"

"नाही. आमच्या आईचं मन एकदम शांत असतं."

"शाब्बास! आणि झोप कशी आहे तिची?"

"अंथरुणाला पाठ टेकली की सरळ सकाळी पाचला जाग," सोफ्यावर लोळत पडलेल्या त्यांच्या मुलाने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "बाबा, चौथ्यांदा चाललंय हे. मी दुकानातून रजा बाईंना भेटायला घेतलीय, नाटकाच्या तालमीला नाही."

"तालीम केली नाही म्हणूनच मागच्या वेळी घोडं अडलं."

"मागच्या वेळी घोडं पडद्यावर अडलं. घरापर्यंत आलंच नव्हतं ते."

हे अगदी खरं होतं, म्हणून कप्तानांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं आणि वहीचं पान उलटलं.

त्यांची सून नऊ वर्षं पोलिसात होती. गस्त घालणं, चौकात उभं राहणं, हरवलेल्या माणसांच्या तक्रारी लिहून घेणं, सगळं करून झालं होतं. तिला जायचं होतं सशस्त्र पथकात. म्हणजे एखाद्या घरात कोणी हत्यार घेऊन कोंडून घेतलं की ज्यांना बोलावतात, त्यांच्यात. आता तिथे काय कोणी उठून जात नाही. आधी चार वर्षांची डाग नसलेली नोकरी लागते. मग दोन रेघांच्या मधलं ते धावणं, ज्यात भोंगा दर फेरीला आणखी लवकर वाजतो आणि चांगल्या चांगल्यांची जीभ बाहेर येते. मग डोळे, कान, नेमबाजी. आणि सगळ्यांत अवघड ती अंधारी खोली. समोर पडदा, पडद्यावर एक दार, दारातून एक माणूस बाहेर येतो आणि कोटात हात घालतो. गोळी झाडायची की नाही, हे पापणी लवायच्या आत ठरवायचं.

दोन वर्षांपूर्वी त्या माणसाने कोटातून मिटलेली छत्री काढली होती आणि सुनेने गोळी झाडली होती. खोट्या पिस्तुलाने, पडद्यावरच्या माणसावर, पण झाडली होती. संध्याकाळी घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "छत्री होती," आणि ताट तसंच ठेवून उठली.

संधी दोनदाच मिळते. या खेपेला तिने धावणं, डोळे, नेमबाजी, पडदा, सगळं पार केलं होतं. उरली होती फक्त घरभेट. ज्या माणसाच्या कमरेला खरं पिस्तूल लागणार, ते माणूस घरात कसं वागतं, हे पथकातले एक वरिष्ठ अधिकारी घरी येऊन घरच्यांना विचारतात, आणि त्या वेळी उमेदवाराने घरात थांबायचं नाही असा नियम असतो. सकाळी निघताना बुटाची नाडी बांधत सून म्हणाली होती, "बाबा, जे आहे ते सांगा. बास."

"तू अजिबात काळजी करू नकोस," कप्तान म्हणाले होते, आणि ती जिना उतरायच्या आत त्यांनी सात प्रश्नांची यादी काढून प्रत्येकाचं उत्तर ठरवूनही टाकलं होतं. सुनेवर त्यांचा जीव होता. तिचं हे काम आपल्या घरामुळे अडू नये, एवढी एकच गोष्ट त्यांना महिनाभर खात होती.

शिवाय या घरात हत्यारातलं कळणारा माणूस कोण, तर तेच. कप्तान हे काही त्यांचं खरं पद नव्हतं. ते अठ्ठावीस वर्षं एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन बसलेले पहारेकरी. मिशांमुळे बँकेतल्या कारकुनांनी त्यांना कप्तान म्हणायला सुरुवात केली आणि पुढे घरातलेही म्हणायला लागले. एकदा एक माणूस लोखंडी गज घेऊन बँकेत घुसला होता. कप्तान नुसते स्टुलावरून उठले, बंदूक खांद्याला लावली, आणि त्या माणसाने गज टाकून खाली बसकण मारली. ही गोष्ट खारूने शाळेत इतक्यांदा सांगितली होती, की हल्ली गोष्टीत माणसं तीन झाली होती. निवृत्तीच्या दिवशीचा बंदुकीसकटचा फोटो भिंतीवर होता. त्याच्यावरची धूळ कप्तान स्वतः पुसायचे.

बेल वाजली. मुलगा एकदम उठून बसला.

निरीक्षकबाई साध्या कपड्यांत आल्या होत्या. आखूड पिकलेले केस, काखेत फाईल, बोलणं मोजकं. त्यांनी चहाला नाही म्हटलं नाही. बिस्किटालाही नाही म्हटलं नाही, तेव्हा कप्तानांना जरा धीर आला.

"घरी ती चिडते का?" बाईंनी मुलाला विचारलं.

"नाही. तिचं मन एकदम शांत असतं."

बाईंनी लिहून घेतलं. "झोप?"

"अंथरुणाला पाठ टेकली की सरळ सकाळी पाचला जाग."

"बरं. आजोबा, तुम्हाला काय वाटतं? चिडते का?"

कप्तानांनी घसा साफ केला. "छे! तिचं मन शांत असतं."

"एकदम," खारू हळूच म्हणाली.

"काय गं?"

"आजोबांचं 'एकदम' राहिलं. एकदम शांत असतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, आणि हेच जास्त वाईट होतं. त्यांनी उरलेला चहा संपवला, कप बशीत ठेवला.

"पोपटपंची छान झालीय," त्या म्हणाल्या. "मी बारा वर्षं घरभेटी करते. ज्या घरात कोणी कधीच चिडत नाही आणि सगळ्यांना छान झोप लागते, त्या घराबद्दल मला एकच शेरा लिहिता येतो. माहिती मिळाली नाही. आणि माहिती मिळाली नाही, तर मी कोणाच्या हातात पिस्तूल देत नाही. तुमच्या सुनेचे बाकीचे गुण फार चांगले आहेत. वाईट वाटतं मला."

"चिडते हो मॅडम, चिडते!" मुलगा घाईघाईने म्हणाला. "भयंकर चिडते! परवा माझ्या अंगावर ओला टॉवेल फेकला!"

"आता तुम्ही दुसऱ्या टोकाला निघालात," बाई म्हणाल्या आणि फाईल मिटून उठल्या.

कप्तानांनी दाराकडे पाहिलं. दारापाशी सुनेच्या बुटांची रोजची जागा रिकामी होती. ते ताट तसंच ठेवून उठणं त्यांना आठवलं. तेव्हा निदान चूक तिची होती. आज तिची काडीची चूक नव्हती. तिने सकाळी चार शब्दांत सांगितलं होतं काय करायचं ते, आणि या शहाण्याने आपली अक्कल पाजळली होती.

"मॅडम, दोन मिनिटं बसा," ते म्हणाले. "एक खरी गोष्ट सांगतो. गोष्ट तिचीच आहे, पण सुरू माझ्यापासून होते."

बाई बसल्या नाहीत, पण थांबल्या.

"खारू, तू आत जा जरा."

"का?"

कप्तानांनी नातीकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "नको. बस इथेच. तूही ऐक." मग ते बाईंकडे वळले. "मॅडम, तो फोटो बघताय ना? ती बंदूक रिकामी आहे."

"फोटोत?"

"फोटोत. आणि त्याच्या आधीची अठ्ठावीस वर्षं."

मुलगा सोफ्यावरून पुढे सरकला. बाई खुर्चीत बसल्या.

"पहिल्या आठवड्यातली गोष्ट. बंदूक मांडीवर आडवी घेऊन मी स्टुलावर बसलो होतो. भरलेली. एक बाई रांगेत उभी होती, तिची चार-पाच वर्षांची पोर हात सोडवून माझ्याकडे आली. मी दुसरीकडे बघत होतो. वळून बघतो तर तिने एक डोळा मिटलाय आणि दुसरा नळीला लावून आत बघतेय. दुर्बिणीतून बघतात तसं. मला म्हणाली, आत काहीच दिसत नाही." कप्तानांनी तळहात पँटला पुसले. "पोर गेली आपल्या आईकडे. माझं बोट तेव्हा घोड्याजवळसुद्धा नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरच्या कपाटातून दोन काडतुसं घेतली, वहीत सही केली, आणि बंदुकीत घालायच्या ऐवजी कोटाच्या खिशात टाकली. संध्याकाळी परत केली. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत रोज तेच."

"बाबा!" मुलगा म्हणाला. "आईला तरी माहीत होतं?"

"तुझ्या आईला नाही, तुला नाही, बँकेत कोणाला नाही."

खारू फोटोकडे टक लावून बघत होती. "मग तो गजवाला चोर?"

"तो बंदुकीला घाबरला, बाळा. मीही बंदुकीलाच घाबरायचो. आम्ही दोघेही एकाच वस्तूला घाबरून उभे होतो. फक्त तो आधी खाली बसला."

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. "आणि यात तुमची सून कुठे येते?"

"येते ना. माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. लग्न होऊन तिला चारच महिने झाले होते, पोलिसात नवीकोरी. मला घरी न्यायला बँकेत आली. मी काडतुसं मॅनेजरच्या टेबलावर ठेवली, सही केली, हारतुरे झाले. रस्त्याने घरी येताना ती म्हणाली, बाबा, एक विचारू? काडतुसांची पितळी बुडं इतकी चकचकीत कशी? त्यांच्यावरची अक्षरंसुद्धा पुसली गेलीत. बंदुकीत राहिलेल्या काडतुसाची अक्षरं अशी जात नाहीत. ती खिशात किल्ल्यांबरोबर राहिली की जातात."

बाईंनी फाईल उघडली.

"अठ्ठावीस वर्षांत पाच मॅनेजर झाले, तपासणीला माणसं येऊन गेली, कोणाच्या लक्षात आलं नाही. हिच्या चार मिनिटांत आलं. माझी तर बोबडीच वळली. भर रस्त्यात, हातात गुच्छ, गळ्यात हार, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. त्या पोरीच्या डोळ्यासकट. म्हटलं, आता ही हसणार. नाहीतर नवऱ्याला सांगणार, मग दोघं मिळून हसणार."

"मला कधीच बोलली नाही ती," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडं वाईट वाटणं होतं आणि थोडा अभिमानही होता.

"हसली नाही. आम्ही रस्ता ओलांडला. मग मी विचारलं, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? तर म्हणाली..." कप्तानांना ते वाक्य पाठ होतं. नऊ वर्षं पाठ होतं. पण ते म्हणण्याआधी त्यांनी थोडं पाणी प्यायलं. "म्हणाली, मी भरली असती, बाबा. आणि तुमच्यासारखीच उभी राहिले असते."

बाई लिहीत होत्या. लिहिणं लवकर संपेना.

"बँकेच्या वहीचं मी काही ऐकलेलं नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ते माझं काम नाही. आता नीट सांगा. चिडते का?"

"चिडते. चिडली की भांडी घासायला घेते. घासलेलीसुद्धा. त्या वेळी स्वयंपाकघरात कोणी जायचं नाही, अर्ध्या तासात आपली आपण बाहेर येते."

"टॉवेल?"

"टॉवेल खरा आहे," मुलगा म्हणाला. "पण चूक माझी होती. तिच्या धुतलेल्या वर्दीवर मी तो वाळत टाकला होता."

"झोप?"

"एरवी चांगली. त्या छत्रीनंतर चार दिवस नव्हती," कप्तान म्हणाले. "दिसायचंच डोळ्यांवरून. पाचव्या दिवशी शिकवणाऱ्याकडे गेली आणि म्हणाली, तो माणूस मला पुन्हा दाखवा. पुन्हा म्हणजे किती, तर वर्षभर, सुट्टीच्या दिवशी जाऊन. घरी आली की मला सांगायची, बाबा, आज त्याने पाकीट काढलं. आज चष्म्याची डबी. आज रुमाल."

"आणि मला एकदा फटका दिला होता," खारूने भर घातली. "मी गॅलरीच्या कठड्यावर चढले होते म्हणून. मग स्वतःच रडली."

"हे तुला कोणी शिकवलं नव्हतं ना?"

"नाही. हे आजोबांनी सांगू नको म्हणून सांगितलं होतं."

बाई या खेपेला मोकळेपणाने हसल्या. त्यांनी पान उलटलं, खाली सही केली आणि फाईलमधून एक चिठ्ठी काढून बशीखाली ठेवली.

"सोमवारी सकाळी सात वाजता शस्त्रागारात यायला सांगा. हाताचं माप घ्यावं लागतं. पिस्तुलाची मूठ बोटांना बरोबर बसायला हवी."

मुलाने चिठ्ठीला हात लावला आणि भाजल्यासारखा मागे घेतला. कप्तान उठले आणि पुन्हा बसले. त्यांना इतका आनंद झाला होता, की बाईंना दारापर्यंत सोडायला जावं हेही सुचलं नाही. बाईच फोटोसमोर थांबल्या.

"मुलाखतीत मी तिला एक विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "हत्यार घेऊन उभं कसं राहायचं, हे कोणाकडून शिकलात? ती म्हणाली, सासऱ्यांकडून. मी विचारलं, त्यांनी कधी गोळी झाडली का? तर म्हणाली, त्यांना कधी गोळी झाडायची गरजच पडली नाही." बाईंनी फाईल काखेत धरली. "मी खूप खोदून विचारलं. मला वाटलं, काहीतरी लपवतेय. त्यापुढे एक अक्षर बोलली नाही."

त्या गेल्यावर बराच वेळ तिघेही चिठ्ठीभोवती बसून राहिले. मुलाने ती तीनदा वाचली, एकदा मोठ्याने. मग त्याने वडिलांकडे बघितलं.

"तरीच. लहानपणी मी बँकेत डबा घेऊन आलो आणि तुमच्या कोटाला हात लावला की ओरडायचात."

"खिशात काय असायचं ते कळलं ना आता?"

"आणि मला वाटायचं, तुम्ही कोटाला जपता."

खारूचा प्रश्न वेगळाच होता. "आजोबा, मी शाळेत सगळ्यांना सांगितलंय."

"माहीत आहे मला." कप्तानांना हाच प्रश्न सगळ्यांत जड गेला. "आता खरं ते सांग. काय करणार."

खारूने थोडा विचार केला. "रिकाम्या बंदुकीने तीन चोर पकडले, हे जास्त भारी आहे."

"एकच होता गं!"

"बरं, दोन," खारू म्हणाली.

कप्तानांना हसू आवरेना. अठ्ठावीस वर्षं खिशात आणि नऊ वर्षं छातीवर वागवलेलं ओझं या पोरीने दोन चोरांवर मिटवून टाकलं होतं. त्यांनी उठून फोटो खाली काढला, सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि पुन्हा तिथेच टांगला.

पाचच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. कप्तानांनी चिठ्ठी झटकन चित्रकलेच्या वहीत सरकवली. तिला लगेच सांगायचं नाही, आधी चहा टाकायचा, मग वही तिच्या हातात द्यायची, असं तिघांनी ठरवलं होतं. खारूच्या पोटात काही राहत नाही, हे मात्र कोणी हिशेबात धरलं नव्हतं.

सून आत आली. तिने तिघांचे चेहरे बघितले आणि काही विचारलं नाही. विचारायची भीती वाटत असावी. दारातल्या स्टुलावर बसून ती बुटाची नाडी सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती, आणि ती नखाने कोरत राहिली.

"आई," खारू तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात मागे बांधले होते, अगदी निरीक्षकबाईंसारखे. "बँकेत आजोबांची बंदूक भरलेली असायची ना?"

मुलगा काही बोलायला गेला. कप्तानांनी त्याचा हात दाबून धरला.

नाडीवरची बोटं थांबली. सुनेने वर बघितलं, पण मुलीकडे नाही. क्षणभर तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत, घाबरू नका बाबा, एवढंच होतं. मग मान खाली घालून ती पुन्हा गाठ सोडवायला लागली.

"तुझ्या आजोबांना," ती म्हणाली, "कधी गोळी झाडायची गरजच पडली नाही."